सातव्या गाण्याचे शब्द

मिस्त्री रडला नाही, याची चर्चा त्याच्या माघारी बरीच झाली. सख्खी मोठी बहीण उभ्या उभ्या कोसळली, उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली, आणि हा पठ्ठ्या दवाखान्याच्या बाकावर बसून नखांतलं ग्रीस काढत होता. "दगड आहे नुसता," असं एक चुलत वहिनी म्हणाली, तेही त्याला ऐकू जाईल अशा बेताने. त्याला ऐकू गेलं. राग यायला हवा होता, तोही आला नाही. उलट त्याला वाटलं, बरोबरच बोलतेय ही.

मिस्त्री म्हणजे लिफ्टमिस्त्री. अठ्ठावन्न वर्षांचा, बुटका, दंडात जोर असलेला, तोंडाने कमी. एकोणिसाव्या वर्षी या धंद्यात शिरला तो आजतागायत उंच इमारतींच्या डोक्यावरच्या मोटररूममध्ये नाहीतर लिफ्टच्या तळाशी खड्ड्यात. त्याची तपासणीची एक पद्धत होती. हातभर लांबीच्या पेचकसाचं टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत कुठे काय घासतंय ते हाडातून कळायचं. नव्या पोरांकडे त्यासाठी यंत्रं आली आहेत, पण मिस्त्रीने "ठीक आहे" म्हटल्याशिवाय साहेब कागदावर सही करत नसे.

ताई कोसळल्यापासून तो स्वतःला असाच तपासून बघायचा. म्हणजे पेचकस लावून नव्हे हो, मनातल्या मनात. काही घासतंय का, काही दुखतंय का? काही नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती, हात नेमाने चालत होते. सगळं सुरळीत, आणि आत कोणी नाही.

ताई त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचं उभं आयुष्य टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेलं, बोलणं हाच तिचा धंदा. घरी आली तरी तोंडाला विश्रांती नाही. नवरा लवकर गेला, एक मुलगी शिकून दूरच्या गावी नोकरीला लागली, तेव्हापासून ताई एकटी राहायची आणि रोज संध्याकाळी भावाला फोन करून अर्धा तास त्याची हजेरी घ्यायची. मिस्त्री "हं, हं" करायचा. त्याची बायको म्हणायची, "अहो, रिसीव्हर भिंतीला टांगला आणि भिंतीने 'हं' म्हटलं तरी चालेल तुमच्या ताईंना."

आता त्याच ताईकडे एक शब्द उरला होता: हॅलो. पाणी हवं का? हॅलो. दुखतंय का? हॅलो. मुलगी रडत रडत गळ्यात पडली तेव्हाही, हॅलो. जन्मभर लाखो वेळा उच्चारलेला शब्द कुठेतरी खोल रुतून बसला असणार. बाकीचे सगळे गेले, तो राहिला.

चार महिने झाले. दवाखान्यातल्या थेरपिस्टबाई मायाळू होत्या, पण त्यांना हिशेबाने चालावं लागे. पुनर्वसनाच्या खाटा मोजक्या, रांग लांब. एका सोमवारी त्यांनी मिस्त्रीला आणि भाचीला समोर बसवून सरळ सांगितलं, "शुक्रवारी शेवटची चाचणी. बोलण्याला धरून एक तरी शब्द आला, तर मी आणखी तीन महिन्यांचे उपचार लिहून देईन. नाहीतर मला ही खाट दुसऱ्याला द्यावी लागेल."

"हॅलो म्हणते की ती," मिस्त्री म्हणाला.

"ते आपोआप येतं हो. विचारलं काहीही तरी हॅलोच. मला उत्तर हवंय. त्यांनी समजून दिलेलं."

भाचीने कायमच्या सांभाळाचं एक घर बघून ठेवलं होतं, तिच्या गावाजवळ, इथून सहा तासांवर. स्वच्छ होतं, हवेशीर होतं, माणसं चांगली होती. फक्त तिथे बोलायला शिकवणारं कोणी नव्हतं. "मामा, मी काय करू?" ती म्हणाली. "इथे घरी ठेवायची म्हटलं तर तू दिवसभर कामावर, मामीचे गुडघे असे. आणि उपचारच बंद झाले तर इथे ठेवून तरी काय?" तिचं काही चुकत नव्हतं. मिस्त्री "हं" म्हणाला आणि कामावर गेला. एकदा तिथे गेली की ताई उरलेला जन्म हॅलो म्हणत काढणार, हे त्याला लख्ख कळत होतं. कळत होतं, पण टोचत नव्हतं. जिना चढताना त्याने स्वतःला पुन्हा तपासलं. काही नाही.

त्या संध्याकाळी बायको मोबाइल चाळता चाळता म्हणाली, "अहो, तुमचा तो घोगऱ्या अजून जिवंत आहे."

"कोण?"

"तोच हो, ज्याच्या नावाने तुम्ही आणि ताई केस वाढवून हिंडायचात. ऐंशीचा झालाय. नवी रेकॉर्ड काढलीय म्हणे. फोटो बघा, काय थेरडा दिसतोय."

मिस्त्रीने फोटो बघितला. गिटार तीच, गळ्यात पट्टा तोच, मधला माणूस वाळून कोळ झालेला. घोगऱ्या हे नाव ताईनेच ठेवलेलं. तो रेडिओवर गायला लागला की घशात वाळू भरल्यासारखा आवाज यायचा. घरात वडील म्हणायचे, "याला कोणीतरी काढा देत का नाही?" आणि ताई आणि तो हसून हसून लोळायचे.

बायकोने हौसेने त्याची जुनी-नवी सगळी गाणी मिस्त्रीच्या मोबाइलमध्ये भरून दिली. वर इयरफोनही दिला, वायरचा. बिनवायरचा एक गेल्या वर्षी त्याच्या मुलीने आणला होता. तो तिसऱ्या दिवशी कानातून सुटून चौदा मजले खाली खड्ड्यात गेला होता.

मंगळवारी मोटररूममध्ये मिस्त्रीने डावा तुकडा कानात घातला. उजवा शर्टाच्या खिशात. या धंद्यात दोन्ही कान बुजवणारा माणूस फार दिवस टिकत नाही. एक कान दोराला आणि ब्रेकला मोकळा ठेवावाच लागतो. आणि डाव्या कानानेच ऐकायची त्याला सवय होती. ती कुठली, ते आता सांगायला हवं.

तो चौदा वर्षांचा आणि ताई सतरा वर्षांची असताना घरात एक टेपरेकॉर्डर आला होता. स्पीकर नसलेला, नुसता इयरफोनवर चालणारा, पट्ट्याने कमरेला अडकवायचा. घोगऱ्याची एकच कॅसेट होती. शाळा-कॉलेज सुटल्यावर दुपारी दोघं भिंतीकडेच्या खाटेवर बसायची. ताई भिंतीशी, हा तिच्या उजव्या हाताला, खाटेच्या काठावर. वायर आखूड. साहजिकच ताईचा उजवा कान आणि याचा डावा. "उजवा माझा, डावा तुझा, आणि रडायचं नाही," हा ताईचा कायदा. सेल ती स्वतःच्या डब्यात कुलपात ठेवायची, त्यामुळे तिच्या गैरहजेरीत कायदा मोडायचीही सोय नव्हती. चार-पाच वर्षं दोघांनी एक कॅसेट अशी अर्धी अर्धी ऐकली.

बाकीच्या गाण्यांत काही बिघडत नसे, आवाज दोन्हीकडून यायचा. सातवं गाणं मात्र वेगळं होतं. मिस्त्रीच्या मते त्यात फक्त गिटार होती आणि मागे सावकाश चालणारा ड्रम. शब्द नव्हतेच. ताई म्हणायची, आहेत. ताई डोळे मिटून ओठ हलवायची, आणि याला वाटायचं, ही नाटकं करतेय.

"या गाण्याला शब्दच नाहीत."

"आहेत, गाढवा."

"मग मला का नाही ऐकू येत?"

"कारण तू गाढव आहेस."

यावरून चिमटे, उशा, एकदा तर वहीची फाडाफाडी. ताईने शब्द सांगितलेही होते. एक माणूस वरच्या मजल्यावर दार धरून उभा आहे आणि जिना चढणाऱ्या कुणाला तरी म्हणतोय, सावकाश ये, मी दार लावत नाही. पुढे भाऊ लिफ्टच्या कामाला लागला तेव्हा ती हसत म्हणाली होती, "बघ, तुझंच गाणं निघालं. दार धरून उभा." झालं! आता तर मिस्त्रीची खात्रीच पटली की हे सगळं तिने आपली खेचायला रचलंय. मग तिचं लग्न झालं, कॅसेट तिच्याबरोबर गेली, फितीला बुरशी आली. सातवं गाणं काही रेडिओवर लागण्यातलं नव्हतं. एवढ्या वर्षांत ते पुन्हा शोधून ऐकावं, असं मिस्त्रीला कधी वाटलं नाही. संसार, पाळ्या, दोर, ब्रेक. राहून गेलं.

तर मंगळवारी मोटररूममध्ये सातवं गाणं लागलं. डाव्या कानात गिटार आणि ड्रम. शब्द नाहीत. 'बघ,' मिस्त्री मनात म्हणाला, 'मीच खरा.' जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याने ब्रेकची फट मापली, वहीत नोंद केली आणि खाली उतरला.

बुधवारी दुपारी सुट्टी काढून तो ताईकडे गेला. ताईची खाट उजव्या बाजूने भिंतीला लावलेली. लुळा हात खाली लोंबू नये म्हणून. पाहुण्याची खुर्ची डावीकडे. चार महिने तो त्याच खुर्चीवर बसत होता. ताई छताकडे बघत होती. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "ताई, घोगऱ्या जिवंत आहे."

"हॅलो," ताई म्हणाली.

त्याने इयरफोन काढला. वायर याचीही आखूड. या बाजूने बसल्यावर तिचा डावा कान जवळ आणि याचा उजवा. त्याने फारसा विचार न करता डावा तुकडा तिच्या कानात घातला, उजवा स्वतःच्या, आणि सातवं गाणं लावलं.

कानात घोगऱ्या गायला लागला.

उजव्या तुकड्यात गिटार नाही, ड्रम नाही, नुसता गळा. तरुण, वाळू भरलेला, अगदी कानाशी तोंड आणून सांगावं तसा. वरच्या मजल्यावर दार धरून उभा आहे. सावकाश ये. मी दार लावत नाही. ताईने सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

मिस्त्री खुर्चीवर बसून राहिला. चव्वेचाळीस वर्षं तिला खोटारडी म्हणत आलो, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं. लग्नात म्हटलं, भाचीच्या बारशाला म्हटलं, दोन वर्षांपूर्वी फोनवरसुद्धा म्हटलं. आणि ही बाई चव्वेचाळीस वर्षं खरं बोलत होती! त्याला वाटलं, आता तरी काहीतरी होईल, घशात काही येईल. नाही आलं.

तेवढ्यात ताई हलली. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने डाव्या, चालत्या हाताने स्वतःच्या कानातला तुकडा ओढून काढला आणि चादरीवर टाकला. मग तोच हात मिस्त्रीच्या तोंडापाशी आला, गालावर आपटला, चाचपत कानापर्यंत गेला, आणि तिने त्याच्या कानातला तुकडा उपसला. हात छातीवरून पलीकडे नेऊन तो आपल्या उजव्या कानात बसवायचा तिने तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा बसला. मग तिने डोळे मिटले.

उजवा माझा.

मिस्त्री धावतच थेरपिस्टबाईंच्या खोलीत गेला. धाप लागली होती, सगळं उलटसुलट सांगितलं, कॅसेट, खाट, वायर. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "फार चांगली खूण आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना ओळख आहे, आठवण आहे. पण काका, कागदावर शब्द लागतो. मी खुणेवर सही नाही करू शकत."

सहीचं मिस्त्रीला कळत होतं. तोही कुणाच्या सांगण्यावरून "ठीक आहे" म्हणत नसे.

गुरुवारी तो तीन इमारती फिरला आणि एकाही ठिकाणी इयरफोन लावला नाही. रात्री जेवताना बायकोला म्हणाला, "आपण तिला खोटारडी म्हणायचो." बायको म्हणाली, "आपण नाही, तुम्ही. मी मधे पडले नव्हते." मग तिने त्याच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

शुक्रवारी अकराला चाचणी. थेरपिस्टबाईंनी चित्रांचा गठ्ठा आणला होता. भाची पायथ्याशी उभी, तिच्या पर्समध्ये त्या घराचे भरलेले कागद. दुपारी चारला गाडी सांगितलेली. मिस्त्री खुर्चीवर.

"हे काय आहे?" कप.

"हॅलो."

"आणि हे?" किल्ली.

"हॅलो."

कंगवा. घड्याळ. खुर्ची. छत्री. प्रत्येकाला हॅलो, आणि प्रत्येक हॅलोला बाईंची एक फुली. ताईला घाम आला होता. ओठ काहीतरी दुसरंच करू बघायचे आणि शेवटी हॅलोवर येऊन पडायचे. दहाव्या चित्रानंतर तर तिने बघणंच सोडलं. बाईंनी गठ्ठा खाली ठेवला. "थकल्यात," त्या भाचीला हळूच म्हणाल्या. "मला वाटतं, पुरे." भाचीने मान डोलावली आणि रुमाल काढला.

"एक मिनिट," मिस्त्री म्हणाला.

त्याने वाकून खाटेच्या चाकांचे ब्रेक पायाने उघडले, खाट भिंतीपासून ओढून काढली, आणि खुर्ची उचलून फटीत, ताईच्या उजव्या अंगाला ठेवली. भाची "मामा, अरे काय करतोयस?" म्हणेपर्यंत तो त्या फटीत अंग चोरून बसलासुद्धा. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी बसायचा त्या बाजूला. त्याने इयरफोन काढला, डावा तुकडा आपल्या कानात घातला, उजवा मात्र ताईला न देता मुठीत धरला आणि सातवं गाणं लावलं.

ताईची नजर त्या मुठीवर आली.

मिस्त्रीला आता जे माहीत होतं ते सगळं त्याच्या तोंडावर दिसत असणार, अशी त्याला भीती वाटली. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. त्याने समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि शक्य तितक्या खडूसपणे म्हणाला, "ताई, या गाण्याला शब्दच नाहीत."

काही झालं नाही. गिटार वाजत होती. बाईंचं पेन कागदावर टेकलेलं. ताईचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. आता हॅलो येणार, असं मिस्त्री धरूनच चालला.

"आ," ताई म्हणाली.

भाचीने रुमाल डोळ्यांवरून खाली घेतला.

"आहेत." मग दम घेऊन, रागाने, तोंडाच्या एका कोपऱ्यातून: "गा-ढवा."

भाचीच्या हातातून पर्स पडली. थेरपिस्टबाई पुढे झाल्या. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा बघू?"

ताईने त्यांच्याकडे बघितलं. "हॅलो," ती म्हणाली.

बाईंनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. मिस्त्रीच्या घशात काहीतरी अडकलं होतं, मोठं, खडबडीत, आणि ते वर येत होतं. डोळ्यांतून पाणी वाहून शर्टाच्या कॉलरपर्यंत गेलं तरी त्याने पुसलं नाही. चार महिन्यांचं एकदम आलं आणि भयंकर दुखलं. आवाज धड निघेना. तरी त्याने ताईकडे वळून, मूठ घट्ट मिटून, भांडण चालू ठेवलं.

"नाहीत म्हटलं ना."

"आहेत!" ताई ओरडली. इतक्या जोरात की दारातून जाणारी सिस्टर थांबली.

"आहेत," मिस्त्री म्हणाला. "आहेत, ताई. मी ऐकले."

बाईंनी कागदावर फुलीच्या जागी काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि भाचीला म्हणाल्या, "गाडी रद्द करा." मिस्त्रीला ते ऐकूच आलं नाही. त्याने मूठ उघडली आणि उजवा तुकडा ताईच्या उजव्या कानात नीट बसवला. तिने डोळे मिटले. त्याच्या कानात नुसती गिटार होती, आणि तिचे ओठ हलत होते.